‘धर्मत्याग’ : शब्दाचे मूळ, दाखल्याचा कागद आणि आजचा प्रश्न

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनात धर्मांतराचा विषय दोन वाटांनी सभागृहात आला. गृहराज्यमंत्री पंकज भोयर ह्यांनी सक्तीच्या व आमिषाच्या धर्मांतराविरुद्ध कडक कायदा आणण्याचे सूतोवाच केले. त्यासाठी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत शासनाने तत्कालीन पोलीस महासंचालक रश्मी शुक्ला ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमलेली होतीच. दुसरीकडे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांनी विधान परिषदेत सांगितले की, हिंदू, बौद्ध आणि शीख ह्यांखेरीज अन्य धर्माच्या व्यक्तीने अनुसूचित जातीचा दाखला मिळविला असल्यास तो रद्द केला जाईल. त्यांच्या निवेदनाला आधार होता तो सर्वोच्च न्यायालयाच्या २६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाचा. पुदुच्चेरीच्या एका स्नानसंस्कारित महिलेने नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता. केवळ आरक्षणाच्या लाभासाठी, मनात श्रद्धा नसताना, आपण हिंदू असल्याचे सांगणे ही संविधानाची फसवणूक होय, असे न्यायालयाने त्या खटल्यात म्हटले.

ह्या दोन्ही बातम्यांवर भरपूर चर्चा झाली. तथापि ज्या क्रियेभोवती हा सारा वाद फिरतो, त्या क्रियेच्या नावाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. एखाद्याने आपला धर्म सोडला असे आपण नेमके केव्हा म्हणावे? मनातून श्रद्धा गेल्यावर? प्रार्थनेला येणे थांबल्यावर? की तहसील कार्यालयातील प्रतिज्ञापत्रावर सही केल्यावर? आपल्या अमरावती धर्मप्रांतातील बुलढाणा जिल्ह्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न शब्दकोशातला राहत नाही. येथे ख्रिस्ती श्रद्धावंत लोकसंख्येच्या एका टक्क्याहूनही कमी आहेत. ‘शाळा सोडल्याचा दाखला’ ह्या कागदावर धर्म आणि जात एकाच रकान्यात लिहिली जाते. त्या एका रकान्यावर मुलाची शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि पुढे नोकरी अवलंबून असते. म्हणून प्रथम शब्दाकडे पाहू.

युरोपीय भाषांत धर्मत्यागाला जो शब्द आहे त्याचे मूळ ग्रीक ‘अपोस्तासिया’ हे होय. ‘अपो’ म्हणजे पासून, दूर. आणि दुसऱ्या भागाचा अर्थ उभे राहणे. शब्दशः पाहिल्यास ‘दूर जाऊन उभा राहिलेला’. मूळ ग्रीक व्यवहारात ह्या शब्दाचा धर्माशी काही संबंध नव्हता. एखादे नगर राजाविरुद्ध उठले, एखादी फौज सेनापतीला सोडून शत्रूला मिळाली, की त्या फितुरीला हा शब्द वापरीत. पुढे पवित्र शास्त्राच्या जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा, परमेश्वराशी केलेला करार मोडून इस्राएलने पाठ फिरविली, ह्या अर्थी तो यहोशवाच्या आणि यिर्मयाच्या पुस्तकांत आला. राजद्रोहाचा शब्द देवद्रोहाला लागला. नव्या करारात तो दोनदाच येतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायात, संत पौल यहुद्यांना मोशेपासून फुटायला शिकवितो असा त्याच्यावरचा आरोप ह्या शब्दात आहे; आणि थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शेवटच्या काळाआधी होणाऱ्या मोठ्या फितुरीची सूचना आहे. ह्यातील पहिली जागा लक्षात ठेवावी. आपल्या धर्माच्या सर्वात मोठ्या प्रेषितावर हा शब्द आरोप म्हणून फेकला गेला होता. स्वतः पौल कधीही असे म्हणाला नसता की मी सोडून गेलो. त्याच्या दृष्टीने तो पोहोचला होता.

आपल्या शास्त्रातील मक्काबी ह्यांच्या पहिल्या पुस्तकात हाच शब्द आणखी एका प्रसंगी भेटतो. अंतियोख एपिफानेस राजाचे अधिकारी मोदीन गावी येतात आणि लोकांनी परदेशी वेदीवर बळी अर्पावा म्हणून सक्ती करतात. ह्या सक्तीच्या कारवाईलाच तेथे ‘अपोस्तासिया’ म्हटले आहे. धर्म सोडणे ही एकट्याच्या अंतःकरणातली गोष्ट असते, असे आपण सहसा धरून चालतो. येथे मात्र ती शासनाने गावात येऊन, लोकांना रांगेत उभे करून राबविलेली मोहीम आहे.

आता थोडे सविस्तर बोलू, कारण पुढची हकीकत दाखल्याचीच आहे. इसवी सन २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेसियस ह्याने फर्मान काढले की साम्राज्यातील रहिवाशांनी देवतांना बळी अर्पावा, नैवेद्याचा घास घ्यावा आणि तसे केल्याचे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांकडून घ्यावे. ह्या प्रमाणपत्राला लॅटिनमध्ये ‘लिबेलस’ म्हणत, म्हणजे छोटासा कागद. इजिप्तच्या कोरड्या वाळूत अशी चाळीसहून अधिक प्रमाणपत्रे पपायरसवर सापडली आहेत. त्यांचा मजकूर जवळजवळ ठरीव साच्याचा आहे : मी अमुक गावचा अमुक, मी देवतांना नेहमीच बळी देत आलो आहे, आताही आपल्यासमक्ष दिला, कृपया सही करावी. खाली साक्षीदार अधिकाऱ्याची सही आणि तारीख. आजच्या प्रतिज्ञापत्राशी त्याची बांधणी इतकी मिळतीजुळती आहे की वाचणारा थबकतो.

उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरात पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी केवळ चिमूटभर धूप टाकला. काही जण मंदिराकडे फिरकलेच नाहीत. त्यांनी अधिकाऱ्याला पैसे देऊन बळी दिल्याचा कागद तेवढा मिळविला. छळ ओसरल्यावर हे सारे ख्रिस्तसभेच्या दारात परत आले आणि मोठा पेच उभा राहिला. ज्याने प्रत्यक्ष बळी दिला तो, ज्याने धूप टाकला तो आणि ज्याने नुसता कागद विकत घेतला तो, हे तिघे एकाच मापाचे दोषी काय? रोममध्ये नोवेशियन नावाच्या धर्मगुरूने कडक भूमिका घेतली की असल्यांना ख्रिस्तसभेत पुन्हा स्थान नाही. दुसऱ्या टोकाला काही जण सर्वांना सरसकट, विनाचौकशी आत घ्यायला निघाले होते. कार्थेजचे महागुरू संत सिप्रियन ह्यांनी इसवी सन २५१ च्या धर्मपरिषदेत मधला मार्ग काढला : प्रत्येकाची परिस्थिती निराळी तपासावी, कोण कोणत्या दडपणाखाली वागला ते पाहावे आणि त्या मानाने प्रायश्चित्त द्यावे. कागद घेणाऱ्यांच्या बाबतीत त्यांनी बरीच सौम्यता दाखविली. पण त्यांचे काहीच चुकले नाही, असे मात्र त्यांनी म्हटले नाही. येथे हेही सांगितले पाहिजे की ह्या छळाच्या काळात सिप्रियन स्वतः लपून राहिले होते आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. पुढे इसवी सन २५८ मध्ये त्यांनी रक्तसाक्ष दिली. ज्या पुरुषाला भीती म्हणजे काय हे ठाऊक होते, त्याच्या हातून हा निवाडा झाला. त्याची सौम्यता तेथून आली असावी असे मला वाटते.

अशा परत आलेल्या लोकांना लॅटिनमध्ये ‘लाप्सी’ म्हणत. त्याचा शब्दशः अर्थ ‘पडलेले’. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द तयार आहे : पतित. ‘पत्’ म्हणजे पडणे, त्यावरून पतित. दोन दूरच्या भाषांनी, एकमेकींना न विचारता, धर्मातून बाहेर गेलेल्या माणसाला एकच चित्र लावले, की तो वरच्या पायरीवरून खाली पडला. ग्रीक शब्दात तो दूर उभा आहे, लॅटिन आणि मराठी शब्दांत खाली पडला आहे. अरबीत तो मागे वळला आहे. इस्लामी परंपरेत धर्म सोडणाऱ्याला ‘मुर्तद’ म्हणतात. त्याचे मूळ मागे फिरण्याच्या, परतविण्याच्या धातूत आहे. आपल्या मराठीतील ‘रद्द’ हा शब्द त्याच धातूतून फारसीमार्गे आला. दाखला रद्द होणे आणि माणूस मुर्तद ठरणे हे भाषेच्या घराण्यात सख्खे नातेवाईक निघावेत, हा निव्वळ योगायोग; पण मोठा बोलका.

मराठीचा खास बोलीतला शब्द मात्र ह्या सगळ्यांहून वेगळा आहे. आपण म्हणतो ‘बाटणे’. हा शब्द श्रद्धेविषयी काहीच बोलत नाही, विटाळाविषयी बोलतो. पाणी बाटते, भांडे बाटते, विहीर बाटते, तसा माणूस बाटतो. त्याच्या मनात काय आहे ह्याची चौकशी ‘बाटला’ ह्या शब्दात नाही. तो कोणाच्या हातचे जेवला एवढीच आहे. म्हणून त्याचा उपायही ‘शुद्धी’ होता, पश्चात्ताप नव्हे. देवलस्मृतीमध्ये परधर्मीयांच्या ताब्यात राहिलेल्यांना किती काळानंतर कोणते प्रायश्चित्त द्यावे ह्याचे नियम आहेत, ते ह्याच दृष्टीने वाचावे लागतात. ‘बाटगा’ हे विशेषण तर शिवीच्या जवळ गेले आणि आजही खेड्यापाड्यांत ते ऐकू येते. ‘धर्मत्याग’ हा शब्द त्या मानाने पुस्तकी आणि सभ्य. त्यातील ‘त्याग’ मराठी कानाला उलट आदरणीय वाटतो. गीतेच्या अखेरच्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सर्व धर्म सोडून आपल्याला शरण यायला सांगतात; तेथे तर सोडणे हीच भक्तीची परिसीमा आहे. ‘धर्म’ ह्या शब्दाचा अर्थ आचार, कर्तव्य, स्वभाव असा विस्तृत असल्यामुळे ‘धर्मत्याग’ हे ग्रीक शब्दाचे भाषांतर पूर्ण बसत नाही, थोडे सैलच राहते.

बुलढाणा जिल्ह्याच्या भूमीशी ह्या विषयाचे नाते जुने आहे. सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. फलटणचे बजाजी नाईक निंबाळकर विजापूर दरबारी मुसलमान झाले होते. त्यांना पुन्हा हिंदू करून घेण्यात जिजाऊंचा पुढाकार होता, असे परंपरा सांगते. शिवरायांची कन्या सखुबाई बजाजींच्या पुत्राला, महादजीला, दिली गेली. शुद्धीचा खरा कस विधीत लागत नाही, सोयरिकीत लागतो, हे ह्या घराण्याने ओळखले होते. नेताजी पालकर मोगलांकडे मुहंमद कुलीखान होऊन राहिले, ते १६७६ मध्ये परतले आणि त्यांनाही धर्मात घेतले गेले. ह्या दोन्ही घटनांचा उल्लेख आजच्या ‘घरवापसी’च्या व्यासपीठांवरून वारंवार होतो. त्यांत आणि आजच्या मोहिमांत एक फरक आहे, तो सांगितला जात नाही. बजाजी आणि नेताजी ह्यांचे धर्मांतर त्यांच्या स्वतःच्या हयातीत, सत्तेच्या दडपणाखाली झालेले होते. चार पिढ्यांपूर्वी आजोबांच्या आजोबांनी घेतलेल्या निर्णयाचे ते परतफेडीचे प्रकरण नव्हते.

सिंदखेड राजाच्या शेजारी जालना. तेथे एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. नारायण शेषाद्रींनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही स्कॉटिश मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. तो अज्ञान असल्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. पण तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. म्हणजे ग्रीक शब्दाच्या अर्थाने त्याने काहीही सोडले नव्हते, आणि मराठी शब्दाच्या अर्थाने तो बाटला होता. त्याला जातीत परत घ्यावे की नाही ह्यावरून मुंबई-पुण्याच्या ब्राह्मणवर्गात मोठे वादळ उठले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या बाजूने उभे राहून प्रायश्चित्त घडवून आणले आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. एका मुलाच्या जेवणावरून एवढे झाले. मोठा भाऊ नारायण ह्याच्या परतण्याचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण तो स्वतःच्या निर्णयाने गेला होता.

इतरांच्या शब्दांचा हिशेब मांडताना आपल्या घरचा हिशेब झाकून ठेवणे योग्य नव्हे. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड वगळता, इन्क्विझिशनचे न्यायासन होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी जुने आचार पाळले, तुळशीला पाणी घातले, जुन्या पद्धतीने लग्नविधी केले, म्हणून त्यांना धर्मत्यागाच्या आरोपाखाली पकडले गेले. त्यांच्यातील कित्येकांनी मुळात ख्रिस्ती धर्म कोणत्या परिस्थितीत घेतला होता, हे त्या न्यायासनाने विचारले नाही. जे मनाने कधी आत आलेच नव्हते, त्यांना बाहेर गेल्याची शिक्षा झाली. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी रोममध्ये, सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्तसभेच्या पुत्रांनी केलेल्या हिंसेबद्दल परमेश्वराची जाहीर क्षमा मागितली. आपल्या धर्मस्वातंत्र्याची मागणी करताना ही पार्श्वभूमी आपल्या लक्षात असली पाहिजे. ती इतरांच्या लक्षात आहेच. १९२८ मध्ये गोव्यातील हजारो गावडे लोकांची मसूरकर महाराजांनी शुद्धी केली, त्यामागेही ह्या इतिहासाचा भाग होता.

आता १९५६ कडे येऊ. बुलढाण्याच्या दृष्टीने ह्या एका वर्षात तीन गोष्टी एकमेकींना लागून घडल्या.

त्या वेळी बुलढाणा जिल्हा महाराष्ट्रात नव्हता. वऱ्हाडाबरोबर तो नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. त्या राज्याच्या सरकारने एप्रिल १९५४ मध्ये निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी ह्यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. खामगाव, मलकापूर, बुलढाणा ह्या भागांत ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’चे काम त्यापूर्वी अनेक वर्षे चालू होते आणि आपला अमरावती धर्मप्रांत तर नुकताच, १९५५ मध्ये, नागपूरपासून वेगळा झाला होता. धर्मांतरे बहुधा अयोग्य प्रभावाने होतात, असा समितीचा सूर होता आणि कायद्याने त्यांवर नियंत्रण आणावे अशी तिची शिफारस होती. अहवालातील पुराव्यांची छाननी एकतर्फी झाली, असे त्या काळी ख्रिस्ती नेत्यांनी म्हटले आणि ते निराधार नव्हते. तरी मिशनसंस्थांचा परदेशी पैसा आणि शाळा-दवाखान्यांतील प्रचार ह्यांविषयी तिने विचारलेले सगळेच प्रश्न खोटे होते असेही नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांना दिली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत जुन्या धर्माचा त्याग स्पष्ट शब्दांत आहे. जगाच्या इतिहासात इतक्या मोठ्या संख्येने, इतक्या उघडपणे आणि विचारपूर्वक केलेला धर्मत्याग क्वचितच सापडेल. महाराष्ट्रात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध काही हजारांच्या घरात होते, ते १९६१ मध्ये सुमारे २८ लाख झाले. बुलढाणा जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येचा सुमारे सातवा हिस्सा बौद्ध आहे. आणि तरीही ह्या समाजाला ‘धर्मत्यागी’ किंवा ‘बाटगे’ असे म्हणण्याचे धाडस आज कोणी जाहीर सभेत करणार नाही. क्रिया तीच, पण तिला ‘धम्मदीक्षा’ आणि ‘धम्मचक्रप्रवर्तन’ असे स्वतःचे, आतून आलेले नाव मिळाले. सोडून जाणाऱ्याने आपल्या कृतीचे नाव स्वतः ठेवले, की बाहेरच्यांनी ठेवलेले नाव टिकत नाही. आपल्या खेड्यांतील ख्रिस्ती कुटुंबांना हे जमले नाही. त्यांना आजही शेजारी ज्या शब्दाने ओळखतो तोच त्यांच्या वाट्याला आला आहे.

तिसरी गोष्ट १ नोव्हेंबर १९५६ ची. राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. नियोगी समितीच्या शिफारशींचे पुढे कायद्यात रूपांतर झाले ते १९६८ च्या मध्य प्रदेश धर्मस्वातंत्र्य कायद्यात. तोवर बुलढाणा त्या राज्याबाहेर पडला होता. ह्या कायद्याने धर्मांतराची व्याख्या केली ती अशी की एका धर्माचा त्याग करून दुसरा स्वीकारणे. ‘त्याग’ हा शब्द अशा रीतीने फौजदारी कायद्यात शिरला. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला आणि धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सांगितले.

सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके आजही मध्य प्रदेशाच्या सीमेला भिडलेले आहेत. डोंगर ओलांडला की २०२१ चा मध्य प्रदेश धार्मिक स्वातंत्र्य कायदा लागू होतो. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवावे, असे तो सांगतो. त्या कायद्यात एक अपवाद आहे : आपल्या पैतृक धर्मात परतणे हे धर्मांतर मानले जाणार नाही. पैतृक धर्म कोणता? तर जन्माच्या वेळी पित्याचा जो होता तो. उत्तर प्रदेशाचा २०२१ चा कायदाही असाच अपवाद करतो, पण तो ‘लगेच आधीच्या धर्मा’त परतण्यासाठी. आता हे शब्द नीट वाचून पाहा. ज्याचे पणजोबा दुष्काळाच्या काळात ख्रिस्ती झाले, आजोबा आणि वडील ख्रिस्ती म्हणूनच जन्मले व वारले, त्याला मोठ्या समारंभाने हिंदू करून घेतले, तर कायद्याच्या अक्षरानुसार ती ‘घरवापसी’ होत नाही. त्याच्या पित्याचा धर्म ख्रिस्ती होता. त्याने ख्रिस्ती धर्माचा त्याग करून नवा धर्म स्वीकारला. साठ दिवसांची सूचना त्यालाही लागू व्हायला हवी. व्यवहारात ती कोणी मागेल असे वाटत नाही. कायदा सर्वांसाठी एकच क्रियापद वापरतो. वापरणारे मात्र जाणाऱ्याकडे पाहून ‘त्याग’ म्हणतात आणि येणाऱ्याकडे पाहून ‘परत येणे’ म्हणतात.

हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्या राज्याच्या २००६ च्या कायद्यातील पूर्वसूचनेचे कलम रद्द केले होते. माणसाला श्रद्धा बाळगण्याचा आणि बदलण्याचा जसा हक्क आहे, तसा ती गुप्त ठेवण्याचाही आहे, असा न्यायालयाच्या विचाराचा गाभा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्तर प्रदेशातील सामूहिक धर्मांतराच्या आरोपाचे काही गुन्हे रद्द करताना तेथील घोषणापत्राच्या अटींविषयी गंभीर शंका व्यक्त केली. महाराष्ट्रात ह्या विषयावर कायद्याचा विचार करणाऱ्यांनी हे दोन्ही निकाल समोर ठेवणे आवश्यक आहे. बळजबरी, फसवणूक, अल्पवयीनांना आमिष ह्यांविरुद्ध कायदा असावा ह्याविषयी ख्रिस्तसभेचा वाद नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मस्वातंत्र्यविषयक घोषणापत्रात आणि कॅनन लॉच्या ७४८ व्या कलमात हेच सांगितले आहे की कोणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध श्रद्धा स्वीकारायला लावता येत नाही.

आता दाखल्याच्या प्रश्नाकडे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले. मधल्या चौतीस वर्षांत केंद्राच्या दृष्टीने बुलढाण्याचा बौद्ध तरुण अनुसूचित जातीचा नव्हता. राज्याने मात्र यशवंतराव चव्हाणांच्या काळापासून नवबौद्धांना सवलती दिल्या. दलित ख्रिस्ती व मुस्लिम ह्यांचा प्रश्न न्यायालयात रेंगाळला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन ह्यांचा आयोग त्यासाठी नेमला गेला. ह्या पेचात सापडलेले कुटुंब कागदावर एक आणि रविवारी दुसरे असे जगते. २०१५ च्या के. पी. मनू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक दार उघडे ठेवले : आजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतला असला, तरी नातू मूळ धर्मात परतला आणि त्या जातीने त्याला स्वीकारले, तर त्याची जात पुन्हा जिवंत होते. म्हणजे जात पिढ्यान्‌पिढ्या झोपून राहू शकते. ख्रिस्ती झाल्याने तिचा मृत्यू होत नाही. मग ख्रिस्ती असताना ती जात त्याला छळत नाही, हे गृहीत कशावर उभे आहे? गावच्या विहिरीवर तर तसा अनुभव नाही.

अशा कुटुंबातील एखाद्याने प्रतिज्ञापत्रावर ‘हिंदू’ असे लिहिले, तर ख्रिस्तसभेच्या दृष्टीने तो धर्मत्यागी ठरतो काय? कॅनन लॉचे ७५१ वे कलम धर्मत्यागाची व्याख्या करते, ती ख्रिस्ती श्रद्धेचा संपूर्ण अव्हेर अशी. १३६४ व्या कलमानुसार त्यावर बहिष्कृतीची शिक्षा आहे, म्हणून ही व्याख्या सैल हाताने वापरता येत नाही. १३ मार्च २००६ रोजी व्हॅटिकनच्या कायदेविषयक परिषदेने एक परिपत्रक काढले. त्यामागे जर्मनीसारख्या देशांतील लोक होते. चर्चकर टाळण्यासाठी ते सरकारी कार्यालयात जाऊन ‘मी चर्च सोडले’ असे नोंदवितात. परिपत्रकाने स्पष्ट केले की सरकारी नोंदवहीतील बदल हा आपोआप धर्मत्याग होत नाही. अंतःकरणातील निर्णय, त्याचे बाह्य प्रकटीकरण आणि सक्षम धर्माधिकाऱ्यापर्यंत त्याची पोच, हे तिन्ही लागते. विवाहविषयक कलमांतील ‘औपचारिक त्याग’ हा शब्दप्रयोग तर पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी २००९ मध्ये काढूनच टाकला. हा न्याय युरोपातील करदात्याला लागू होतो, तर शिष्यवृत्तीसाठी सही करणाऱ्या चिखली-मेहकरकडच्या पालकाला तो नाकारता येणार नाही. तथापि संत सिप्रियनांचा निवाडा येथे पूर्ण वाचावा लागेल. कागद घेणारा बळी देणाऱ्याइतका दोषी नाही, हे जसे त्यांनी म्हटले, तसे खोट्या सहीला निर्दोषही ठरविले नाही. शासनापुढे असत्य लिहिणे हे असत्यच राहते, आणि २०२४ च्या निकालानंतर त्याची किंमत मुलाच्या नोकरीपर्यंत जाऊ शकते. धर्मग्रामातील धर्मगुरूंनी ही गोष्ट पालकांना आधीच, शांतपणे समजावून सांगावी. दाखला रद्द झाल्यावर सांगून उपयोग नाही.

एक शेवटची बाब नोंदवहीची. युरोपात काही लोक आपले नाव स्नानसंस्काराच्या नोंदवहीतून खोडून टाकण्याची मागणी करीत आहेत. त्यावर एप्रिल २०२५ मध्ये रोमच्या कायदेविषयक विभागाने खुलासा केला की ही नोंद घडून गेलेल्या घटनेची आहे, सभासदत्वाची यादी नव्हे. म्हणून ती खोडता येत नाही, सोडून जाणाऱ्याची इच्छा फक्त शेजारी नोंदविता येते. बुलढाणा जिल्ह्यातील आपल्या धर्मग्रामांच्या नोंदवह्यांनाही हाच नियम लागू आहे. तहसील कार्यालयात काय लिहिले गेले ह्याने तेथील ओळीत काही बदल होत नाही. आणि तेथील ओळ पुरावा म्हणून जातपडताळणी समितीसमोर मागविली गेली, तर धर्मग्रामाने ती देताना कोणती कायदेशीर काळजी घ्यावी, ह्याविषयी धर्मप्रांताने वकिलांच्या सल्ल्याने लेखी मार्गदर्शन करणे आता निकडीचे झाले आहे.